रॉयल ऑपेरा हाऊस (मुंबई)

रॉयल ऑपेरा हाऊस ही मुंबईतील गिरगाव भागात, चर्नी रोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस असलेली नाट्य व संगीतप्रयोगांची ऐतिहासिक वास्तू आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय ऑपेरा आणि संगीतिकांसाठी तिची उभारणी झाली. त्यानंतर मराठी संगीत नाटकांचा रंगमंच, मूकपटांचे व पुढे बोलपटांचे चित्रगृह, हिंदी नाटकांचे सकाळचे प्रयोगस्थान, बंद पडलेली जीर्ण इमारत आणि अखेरीस पुन्हा सजीव कलाप्रयोगांचे सभागृह अशा अनेक अवस्थांतून ही वास्तू गेली. १९९३ पासून सुमारे तेवीस वर्षे ती रसिकांना बंद होती. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. केवळ ऑपेरासाठी बांधलेले आणि आजही उभे असलेले भारतातील एकमेव नाट्यगृह असा तिचा उल्लेख सामान्यतः केला जातो. त्यातली गंमत अशी की, शंभरांहून अधिक वर्षांच्या आयुष्यात या इमारतीने खुद्द ऑपेरा फार थोडा पाहिला.

पार्श्वभूमी

मुंबईत सार्वजनिक नाट्यगृहांची परंपरा अठराव्या शतकापर्यंत मागे जाते. १७७६ मध्ये किल्ल्यातील मोकळ्या मैदानावर इंग्रज रहिवाशांनी एक नाट्यगृह बांधले होते. १८४६ मध्ये ग्रँट रोडवर दुसरे नाट्यगृह उभे राहिले आणि त्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांचे मोठे साहाय्य झाले. सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या नाटक मंडळीने १८५३ मध्ये याच नाट्यगृहात प्रयोग केले. मराठी नाटकाला तिकीट काढून येणारा शहरी प्रेक्षक मिळू लागला तो याच काळात. पारशी नाटक मंडळ्यांमुळे ग्रँट रोड परिसरात लवकरच नाट्यगृहांची रांग लागली. किल्ल्याच्या बाजूस गेईटी, नॉव्हेल्टी यांसारखी नाट्यगृहे मुख्यतः युरोपीय व सुखवस्तू भारतीय प्रेक्षकांसाठी होती.

१८९६ च्या प्लेगच्या साथीने शहराच्या रचनेवर दूरगामी परिणाम केला. दाट वस्त्यांमधून हवा खेळती राहावी, रुंद रस्ते काढावेत यासाठी १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने आखलेल्या रस्त्यांपैकी सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हा गिरगाव व डोंगरी यांना जोडणारा पूर्व-पश्चिम रस्ता होय. ऑपेरा हाऊस या रस्त्याच्या पश्चिम टोकाशी आहे. एका बाजूला किल्ला व चर्चगेटची वस्ती, दुसऱ्या बाजूला मलबार हिलचे बंगले आणि पाठीशी गिरगावच्या चाळी अशी ही जागा होती. तेथे घोडागाडीने येणारा श्रीमंत प्रेक्षकही सहज पोहोचू शकत होता आणि चालत येणारा मध्यमवर्गीयही. बांधणाऱ्यांच्या मनात पहिला होता; इमारतीला आधार दिला तो प्रामुख्याने दुसऱ्याने.

याच रस्त्याचा संगीताशी आणखीही संबंध आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी मुंबईत आणलेल्या गांधर्व महाविद्यालयाची स्वतःची इमारत सँडहर्स्ट रोडवर होती. पुढे कर्जापायी ती संस्थेच्या हातून गेली. त्यांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये स्थापन केलेले ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ ऑपेरा हाऊससमोरच्या भागात अनेक दशके चालले, आणि बालवयातील कुमार गंधर्व तेथेच शिकले. शेजारच्या केनेडी पुलालगतच्या वस्तीत गाणाऱ्या कलावतींची व साथीदारांची घरे होती. ऑपेरा हाऊसच्या भोवतीचा सगळा परिसरच अशा रीतीने गाण्याबजावण्याचा होता.

उभारणी

या नाट्यगृहाची कल्पना १९०८ च्या सुमारास पुढे आली. तिचे प्रवर्तक दोघे होते: कलकत्त्यात मुख्य कार्यालय असलेले नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीचा व्यवसाय करणारे मुंबईचे पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका. बँडमन यांच्या नाटक कंपन्यांचा फिरतीचा मार्ग जिब्राल्टर, माल्टा, इजिप्त, भारत, ब्रह्मदेश, सिंगापूर, चीन ते जपानपर्यंत पसरलेला होता. आगबोटींच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या या व्यवसायात प्रत्येक मोठ्या बंदरात एक हुकमी रंगमंच असणे फायद्याचे होते. मुंबई हे भारतात उतरण्याचे पहिले बंदर. त्यामुळे तेथील नाट्यगृहाकडे केवळ शहराची शोभा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ते या जागतिक साखळीतील एक ठाणे होते.

बांधकामास १९०९ मध्ये सुरुवात झाली. डिसेंबर १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी दिल्ली दरबारासाठी मुंबईत उतरले. त्याच वर्षी, काम पूर्ण होण्यापूर्वीच, राजांच्या हस्ते नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. प्रयोग १९१२ मध्ये सुरू झाले आणि सजावटीचे व शिल्पांचे काम १९१५ पर्यंत चालू राहिले.

वास्तुरचना

इमारतीची शैली युरोपीय बरोक वळणाची आहे आणि तिच्यात भारतीय घडणीचे तपशील मिसळलेले आहेत. दर्शनी बाजू लांबट ठेवलेली आहे. एकामागून एक गाड्या थेट दारापर्यंत याव्यात व प्रेक्षकांनी कोरड्या पायांनी उतरावे, हा त्यामागील हेतू होता. मुंबईच्या पावसाळ्यात ही सोय किती मोलाची आहे हे सांगावयास नको.

आत तळमजल्यावरील आसने, त्यांच्या मागे खासगी कक्ष म्हणजेच ‘बॉक्स’ आणि वर सज्जे अशी मांडणी होती. पुढील भागात वेताच्या खुर्च्या व कोच होते. छताच्या मध्यभागी आठ भागांत विभागलेला घुमट असून त्यावरील चित्रण कवी, नाटककार व कादंबरीकार यांच्या स्मरणार्थ आहे. प्रवेशदालनातील झुंबरे ससून कुटुंबाने दिली. ही झुंबरे ‘सां सूसी’ या नावाने ओळखली जातात. ससून कुटुंबाच्या भायखळ्यातील प्रासादाचेही हेच नाव होते, आणि तो प्रासाद पुढे मसीना रुग्णालय झाला.

नाट्यगृह बांधले गेले तेव्हा ध्वनिवर्धक वापरात नव्हते. गायकाचा आवाज सर्वांत वरच्या सज्जातील शेवटच्या प्रेक्षकापर्यंत यंत्राविना पोहोचविणे ही वास्तूचीच जबाबदारी होती. मानवी आवाज भिंतींवर, सज्जांच्या कठड्यांवर व छतावर आदळून परत येतो. हा परतीचा ध्वनी मूळ आवाजापाठोपाठ अत्यल्प काळात कानावर आला तर तो वेगळा ऐकू न येता मूळ आवाजालाच बळ देतो; उशिरा आला तर घुमतो आणि शब्द पुसट करतो. घोड्याच्या नालाच्या आकाराची बैठक, रंगमंचापासून फार दूर न जाणारे सज्जे आणि नक्षीदार, उंचसखल पृष्ठभाग यांमुळे ध्वनी सर्वत्र विखुरतो. गिलाव्यातील वेलबुट्टी डोळ्यांसाठी होतीच. कानांसाठीही तिचा उपयोग होता. रंगमंचापुढे वाद्यवृंदासाठी खोलगट जागा ठेवली होती. तिच्यामुळे वादक प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहत आणि वाद्यांचा आवाज गायकावर मात करीत नसे.

संगीत नाटकांचा काळ

आरंभीच्या वर्षांत बँडमन यांच्या व इतर फिरत्या युरोपीय मंडळ्यांचे प्रयोग येथे होत. नाव ऑपेरा हाऊस असले तरी त्या काळी लंडनमध्ये लोकप्रिय असलेल्या हलक्याफुलक्या संगीतिका, विनोदी खेळ व जादूचे प्रयोग यांचेच प्रमाण अधिक होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर प्रवासी जहाजांची ये-जा अनिश्चित झाली आणि दूरदेशी फिरणाऱ्या मंडळ्यांच्या व्यवसायावर संकट आले. १९२२ मध्ये बँडमन यांचे निधन झाले. ज्या व्यवस्थेसाठी ही इमारत बांधली गेली होती ती व्यवस्था इमारत दहा-बारा वर्षांची होईपर्यंत जवळपास संपलेली होती.

रिकाम्या होऊ लागलेल्या रंगमंचावर भारतीय मंडळ्या आल्या. हा काळ मराठी संगीत नाटकाच्या भरभराटीचा होता. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने १८८० मध्ये सुरू केलेली परंपरा आता मोठ्या व्यावसायिक मंडळ्यांच्या हाती होती. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श (१९०८), बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी (१९१३) आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची बलवंत संगीत मंडळी (१९१८) या त्यांतील प्रमुख होत. ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, बापूराव पेंढारकर, मास्टर कृष्णराव, विनायकबुवा पटवर्धन व ज्योत्स्ना भोळे यांनी कला सादर केल्याचे उल्लेख आढळतात.

युरोपीय ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक यांची तुलना वारंवार केली जाते, परंतु ती मर्यादित अर्थानेच खरी आहे. ऑपेरात संवादही बहुधा गाऊन म्हटले जातात. संगीत नाटकात गद्य संवादांमधून पद उगवते आणि रसिकांनी ‘वन्स मोअर’ दिल्यास तेच पद पुन्हा, नव्या आलापी-तानांसह गायिले जाते. ऑपेराची स्वरलिपी पक्की असते, तर नाट्यपदाची चाल ही गायकाच्या विस्ताराला दिलेली केवळ सुरुवात असते. त्यामुळे प्रयोगाची लांबी आधी सांगता येत नसे आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगत असे. साथीला ऑर्गन, सारंगी व तबला असत. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे वादक होते. तरीही दोन्ही कलाप्रकारांची एक गरज समान होती. ध्वनिवर्धकाविना गाणारा कंठ आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत नेणारी वास्तू दोहोंनाही हवी होती. म्हणूनच परक्या कलेसाठी बांधलेली ही इमारत मराठी नाटकाला उपयोगी पडली. रचनेत मोठा फेरफार न करता उपयोग बदलण्याचा हा तिच्या इतिहासातील सर्वांत सहज टप्पा म्हणावा लागेल.

मराठी मंडळ्यांची सर्व मोठी नाटके येथेच होत असत असे मात्र नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून ८ जुलै १९२१ रोजी केलेला प्रसिद्ध ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग ग्रँट रोडवरील बालीवाला नाट्यगृहात झाला होता.

चित्रपटगृहात रूपांतर

चित्रपट मुंबईत आला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलातील ल्युमिएर बंधूंच्या खेळांतून. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले. चित्रपटाला आरंभी स्वतःचे घर नव्हते. नाट्यगृह, तंबू किंवा सभागृह यांचा तो भाडेकरू होता. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, आणि हे स्थळही सँडहर्स्ट रोडवरच होते. ऑपेरा हाऊसमध्ये १९१७ च्या सुमारास सजीव प्रयोगांच्या जोडीला चित्रपट दाखविणे सुरू झाले. पुढे पाथे या फ्रेंच कंपनीचे मूकपट व वार्तापट येथे दाखविले जात.

मूकपटाला नाट्यगृह पुष्कळसे मानवते. रंगमंचावर पडदा टांगला, मागे प्रक्षेपक ठेवला आणि वादकांना त्यांच्या खोलगट जागेत बसविले की काम भागत असे; दुसऱ्या दिवशी पडदा काढून नाटक लावता येई. बोलपटाने हे चित्र बदलले. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला आणि पुढील वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची सुरुवात केली. कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाला घुमणारी वास्तू नको असते. त्याला शोषक पृष्ठभाग, जाड पडदे व गादीच्या खुर्च्या लागतात. पडद्याकडे सर्व बाजूंनी सरळ दृष्टी जावी लागते, त्यामुळे रंगमंचाला लागून असलेले बाजूचे कक्ष निरुपयोगी ठरतात. प्रक्षेपणासाठी स्वतंत्र खोली हवी असते.

आयडियल पिक्चर्स या कंपनीने १९३५ मध्ये ही वास्तू घेतली आणि हे बदल केले. रंगमंच व त्याच्या लगतचे कक्ष यांत फेरफार झाले, तर सजावटीत तेव्हा लोकप्रिय असलेल्या आर्ट डेको शैलीचे घटक आले. संगीत नाटक मंडळ्या याच सुमारास आर्थिक अडचणीत होत्या. कर्जांनी वाकलेल्या मंडळ्यांतील नट-गायक चित्रपटाकडे वळत होते. स्वतः बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची भूमिका केली. इमारतीतील बदल आणि कलेतील बदल यांचे वर्ष एकच असणे हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. तिकिटाच्या खिडकीवर दिवसातून तीन-चार खेळ चालविणाऱ्या पडद्याशी रात्रीच्या एका प्रयोगाची स्पर्धा होऊच शकत नव्हती.

हीच गोष्ट राज्यभर घडली. पुण्यातील किर्लोस्कर नाट्यगृहाचे वसंत टॉकीज झाले, लिमये नाट्यचित्र मंदिराचे विजय टॉकीज झाले. मुंबईतील गेईटी नाट्यगृह (१८७९) हे १९२८ पासून कॅपिटॉल सिनेमा झाले होते. काही वर्षांतच मराठी नाटकाला मुंबईत हक्काचा रंगमंच शोधावा लागू लागला. मुंबई मराठी साहित्य संघाने गिरगावातच उभारलेले नाट्यगृह आणि दादरचे शिवाजी मंदिर ही १९६० च्या दशकातील नाट्यगृहे या उणिवेतून उभी राहिली.

पृथ्वी थिएटर्सचे सकाळचे प्रयोग

चित्रपटगृह झाल्यावरही सजीव नाटकाने ही इमारत पूर्णपणे सोडली नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्सला स्वतःचे नाट्यगृह नव्हते. दुपार, संध्याकाळ व रात्र चित्रपटांच्या खेळांना दिलेली असल्याने ऑपेरा हाऊसमध्ये या मंडळीचे प्रयोग सकाळी होत. ‘शकुंतला’, ‘दीवार’, ‘पठान’ ही नाटके येथे झाली. १९४५ मधील ‘दीवार’ हे दोन भावांच्या घरात उभ्या राहणाऱ्या भिंतीच्या रूपकातून देशाच्या संभाव्य फाळणीवर भाष्य करणारे नाटक होते. प्रयोगानंतर पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून उभे राहत व प्रेक्षकांकडून मदतनिधी गोळा करीत.

सकाळच्या वेळेचा तांत्रिक भुर्दंडही होता. पडद्यापुढच्या अरुंद जागेत दृश्यबंध उभारायचा आणि दुपारच्या खेळाआधी तो पूर्णपणे उतरवायचा, हे प्रत्येक प्रयोगाला करावे लागे. ‘वन्स मोअर’साठी पहाटेपर्यंत लांबणाऱ्या नाटकांच्या वास्तूत आता नाटकाला घड्याळाकडे पाहून संपावे लागत होते. पृथ्वी थिएटर्स १९६० मध्ये बंद पडले. जुहू येथील सध्याचे पृथ्वी थिएटर हे १९७८ मधील, कुटुंबाच्या पुढील पिढीने उभारलेले आहे.

गोंडल संस्थानिकांची मालकी व बंद पडणे

१९५२ मध्ये सौराष्ट्रातील गोंडल संस्थानाचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू घेतली. त्यांच्या काळात व नंतर पुत्र ज्योतेंद्रसिंहजी यांच्या काळात चित्रपटप्रदर्शन चालू राहिले. ऐन भरात हिंदी चित्रपटांच्या उद्घाटनाचे खेळ येथे होत आणि तिकिटांसाठी लागणाऱ्या रांगा रस्त्यापर्यंत जात.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट, रंगीत दूरचित्रवाणी आणि पाठोपाठ केबल यांमुळे एकपडदा चित्रपटगृहांचे उत्पन्न घटले. जुन्या इमारतीचा देखभालीचा खर्च मात्र वाढतच होता. शेवटी चित्रपट थांबले आणि १९९३ मध्ये, एका वेषभूषाप्रदर्शनाचा कार्यक्रम झाल्यानंतर, नाट्यगृहाचे दरवाजे बंद झाले.

बंद इमारत स्थिर राहत नाही. छतातून पाणी झिरपून गिलावा फुगला, भिंतींच्या सांध्यांत पिंपळ-वडाची रोपे रुजली, सज्जांचे आधार कमकुवत झाले. दक्षिण मुंबईतील भूखंडाचे मोल पाहता ती पाडून तेथे व्यापारी संकुल उभे राहणे अशक्य नव्हते. ‘आलम आरा’चे मॅजेस्टिक १९७० च्या दशकात पाडले गेले आणि आज त्या जागी बाजारसंकुल आहे. ऑपेरा हाऊस वाचण्यामागे दोन कारणे ठळकपणे सांगता येतात. मालकांनी ते विकले नाही, हे पहिले. दुसरे, १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली व तीत या वास्तूला वारसा श्रेणी मिळाली. अशा नियमावलीखाली शहरातील वास्तूंना संरक्षण देणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर होते. नियमावलीने पाडकाम रोखता येते; दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न मात्र ती सोडवीत नाही. बंद पडल्यापासून काम सुरू होईपर्यंत गेलेली पंधरा-सोळा वर्षे त्याची साक्ष देतात.

जीर्णोद्धार

जीर्णोद्धाराचे काम वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपविण्यात आले. प्रथम बाहेरील भागाचे व संरचनेच्या बळकटीचे काम झाले, नंतर अंतर्भागाचे. या काळात, २०१२ मध्ये, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत वास्तूचा समावेश झाला.

अशा कामात पहिला प्रश्न येतो तो कोणत्या काळाकडे परतायचे हा. ऑपेरा हाऊसमध्ये १९१२ चे बरोक नाट्यगृह आणि १९३५ चे आर्ट डेको चित्रपटगृह असे दोन थर एकमेकांवर होते, आणि दोन्ही आपापल्या परीने ऐतिहासिक होते. येथे निवड झाली ती पहिल्या थराच्या बाजूने. जुनी छायाचित्रे पाहून आणि रंगांचे थर खरवडून मूळ रंगसंगतीचा शोध घेण्यात आला. चित्रपटासाठी काढून टाकलेले रंगमंचालगतचे कक्ष पुन्हा उभारण्यात आले. रंगीत काचा, घुमट व झुंबरे दुरुस्त झाली. त्याचबरोबर वातानुकूलन, अग्निसुरक्षा, प्रकाश व ध्वनी यांच्या आधुनिक यंत्रणा बसविण्यात आल्या. परिणामी आजचे सभागृह हे १९१२ ची हुबेहूब प्रतिकृती ठरत नाही. ते विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रूपातील एकविसाव्या शतकाचे सभागृह आहे. चित्रपटगृहाच्या जवळजवळ सहा दशकांची दृश्य खूण मात्र त्यात फारशी उरलेली नाही, आणि ज्या पिढ्यांनी ही इमारत केवळ ‘टॉकीज’ म्हणून पाहिली त्यांच्या दृष्टीने ही उणीवच आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवाचा उद्घाटन सोहळा येथे झाला. त्याच सुमारास मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारियो यांचा गायनाचा कार्यक्रमही झाला. पुनरुद्घाटनाच्या आठवड्यातच चित्रपट आणि ऑपेरा-गायन हे वास्तूचे दोन्ही जुने भाडेकरू हजेरी लावून गेले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत सांस्कृतिक वारसा पुरस्कारांमध्ये या कामाला गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

सध्याचा उपयोग

सभागृहाची आसनक्षमता सुमारे ५७५ आहे. पाश्चात्त्य व हिंदुस्थानी संगीताच्या मैफली, नाटके, नृत्य, चित्रपटांचे खास खेळ, व्याख्याने, विनोदी एकपात्री कार्यक्रम व खासगी समारंभ यांसाठी ते वापरले जाते. एकाच कलाप्रकारावर अवलंबून राहणे आता कोणत्याही जुन्या नाट्यगृहाला परवडत नाही. ५७५ आसने मैफलीसाठी उत्तम ठरतात, परंतु मोठ्या नटसंचाच्या व्यावसायिक नाटकाचा खर्च तेवढ्या तिकिटांतून भागविणे कठीण जाते. तिकिटाचा दर वाढविला तर गिरगाव-दादरचा नेहमीचा नाट्यप्रेक्षक दूर जातो. संगीत नाटकाचे प्रयोग ज्या वास्तूत रात्र-रात्र चालले, तेथे मराठी रंगभूमीचा नियमित वावर आज विरळ आहे.

तुलनेसाठी अन्य वास्तू

मुंबईतील सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृहाचा प्रवास वेगळ्या दिशेने गेला. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी विज्ञान संस्थेच्या संकुलात आखलेले हे अर्धवर्तुळाकार सभागृह कित्येक दशके पाश्चात्त्य संगीताच्या मैफली व राजकीय सभा यांचे प्रमुख स्थान होते. वातानुकूलित प्रेक्षागृहे झाल्यावर त्याचे महत्त्व घटले आणि मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ, स्वस्त वस्तूंची विक्री यांसाठी ते भाड्याने दिले जाऊ लागले. शिल्पकार पिलू पोचखानवाला व कलासंग्राहक केकू गांधी यांच्या प्रयत्नांनंतर १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी जुन्या कवचाच्या आत नवे मजले रचले. बाहेरील वास्तू वाचली. मात्र जेथे आवाज घुमत असे ती मोकळी पोकळी मजल्यांत विभागली गेल्याने मैफलीचे सभागृह म्हणून तिच्याकडे परतण्याचा मार्ग उरला नाही.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ या नावाने खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधले व ते १९१५ मध्ये सुरू झाले. ऑपेरा हाऊसचे हे जवळजवळ समवयस्क आहे, पण एका संस्थानिकाने मराठी नाटकासाठीच ते उभारले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, लागलेल्या आगीत त्याचा बहुतांश अंतर्भाग जळाला. जुन्या नाट्यगृहांत लाकडी रंगमंच, कापडी पडदे व नंतर ओढलेल्या विद्युतवाहिन्या एकत्र आलेल्या असतात. या नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीतही पूर्वीचे रूप राखून नव्या सुरक्षायंत्रणा बसविण्याचा प्रश्न आहे.

परिसराचे नाव

नाट्यगृहावरून आजूबाजूच्या संपूर्ण भागाला ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव मिळाले. मधल्या काळात हा भाग हिरे व्यापाराचे केंद्र बनला आणि पंचरत्न ही इमारत त्या व्यवहाराची ओळख झाली. २०१० नंतर या व्यापाराचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांपैकी एक याच भागात झाला. तेव्हा नाट्यगृह अद्याप बंद होते. इमारत बंद असलेल्या त्या सर्व वर्षांत बसचे थांबे, दुकानांच्या पाट्या आणि टपालाचे पत्ते यांत ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव अव्याहत वापरात होते. त्या काळात वाढलेल्या अनेक मुंबईकरांना ते एका चौकाचे नाव म्हणूनच ठाऊक होते.